वाचताना कळतं, सांगताना अडतं: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्याच्या तपासण्या

लक्षणं

पुस्तक उघडं असतं तोवर एकेक वाक्य पटत जातं. मिटलं की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. व्याख्या घडाघडा म्हणता येते, पण "म्हणजे काय?" असं विचारलं की उत्तरादाखल तीच व्याख्या, फक्त जरा हळू, पुन्हा येते. उदाहरण धड्यातलंच असतं; दुसरं मागितलं की शांतता. सोडवून दाखवलेलं गणित कळतं, मात्र दिलेलं आणि काढायचं यांची अदलाबदल केली की पेन थांबतं. बोलताना "असं काहीतरी होतं", "बेसिकली", "वगैरे" हे शब्द नेमके अवघड जागीच येतात. ज्याला समजावलं तो मान डोलावतो, पण त्याला परत सांगायला लावलं तर भलतंच सांगतो.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढच्या तपासण्या उपयोगी पडतील. एक लक्षण मात्र वेगळं काढून ठेवा: एकट्यानं बसून सगळं व्यवस्थित लिहिता येतं, फक्त माणसांसमोर शब्द फुटत नाहीत. तो बिघाड समजण्यातला नाही. त्याचं शेवटी बघू.

हे का होतं

समोरचं वाक्य ओळखीचं वाटणं आणि समोर काही नसताना ते उभं करता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. वाचताना फक्त पहिलं काम होतं, आणि ते सहज होतं म्हणून दुसरंही झालं असं वाटतं. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विचारलं होतं की कपड्यांची चेन (झिप), कुलूप, शिवणयंत्र अशा वस्तू कशा चालतात हे तुम्हाला कितपत कळतं. लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग त्या वस्तूचं काम पायरीपायरीने लिहायला सांगितलं आणि पुन्हा गुण द्यायला लावले, तेव्हा गुण घसरले. ज्ञान कमी झालं नव्हतं, अंदाज जागेवर आला होता. स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा मोठा उपयोग हाच आहे: कुठे रिकामं आहे ते दिसतं. छान बोलता येणं हा त्याचा जोडफायदा.

तपासण्या सोप्या आणि फुकट असलेल्यांपासून वेळखाऊ असलेल्यांपर्यंत लावल्या आहेत. हा क्रम मोडू नका. दिवा लागला नाही तर वायरमन आधी बटण आणि फ्यूज बघतो, भिंत फोडायला घेत नाही. अभ्यासात मात्र पहिला उपाय म्हणून सगळा धडा पुन्हा वाचला जातो, नवं पुस्तक आणलं जातं किंवा नवा क्लास लावला जातो. बिघाड एका दुव्यात असतो आणि दुरुस्ती शंभर पानांची चालते.

तपासणी १: पान खरंच मिटलं होतं का?

लागणारा वेळ पंधरा मिनिटं. साहित्य: फोनमधला रेकॉर्डर.

आधी विषय लहान करा. "प्रकाशसंश्लेषण समजावून सांग" हा प्रश्न नाही, ते धड्याचं नाव आहे. "प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कुठून येतो?" हा प्रश्न आहे. दोन मिनिटांत उत्तर देता येईल इतकाच तुकडा घ्या. धडा भलामोठा वाटतो आणि तोंड उघडत नाही, असे कितीतरी बिघाड एवढ्यानेच मिटतात.

वाचून झाल्यावर दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. लगेच बोललात तर पुस्तकातली वाक्यं कानात घुमत असतात आणि तुम्ही ती फक्त परत म्हणता. दहा मिनिटांनी पुस्तक आणि वही दोन्ही नजरेआड ठेवून रेकॉर्डर सुरू करा आणि दोन मिनिटं थांबायचं नाही असं ठरवून बोला. अडलात तर "इथे अडलं" असं मोठ्याने म्हणा आणि पुढे जा.

मग रेकॉर्डिंग ऐका, हातात पेन घेऊन. तीन खुणा पुरतात: जिथे आवाज मंदावला तिथे रेघ, जिथे "असं काहीतरी" आलं तिथे गोल, जिथे एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी मारली तिथे बाण. या खुणा म्हणजे बिघाडाचे पत्ते आहेत. पुस्तक आता उघडा, पण तेवढ्याच जागांसाठी. ऑक्सिजनच्या प्रश्नात बहुतेकांचा गोल "कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटा होतो" इथे येतो. खरं तर हा ऑक्सिजन पाण्यातून येतो. सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये पाण्यात ऑक्सिजनचं जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू) वापरून हे तपासलं होतं. धडा तीनदा वाचूनही ही चूक टिकून राहते, कारण वाचताना तिला कुणी हटकत नाही.

मग पुस्तक मिटून पुन्हा एकदा बोला. या दुसऱ्या फेरीत सगळं नीट आलं तर बिघाड समजण्याचा नव्हता, आठवून काढण्याची सवय नव्हती. तिथेच थांबा. ही सवय किती महत्त्वाची आहे ते हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगातून दिसतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचून पुन्हा वाचला, काहींनी वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले, ५६ टक्के विरुद्ध ४२. पुन्हा वाचण्याचा फायदा परीक्षेच्या आदल्या रात्री खरा वाटतो तो यामुळेच.

तपासणी २: पारिभाषिक शब्द काढून घेतले तर काय उरतं?

रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही वापरलेले चार ते सहा पारिभाषिक शब्द कागदावर लिहा. त्यांच्यावर बंदी. पुन्हा बोला.

परासरण घ्या. पाठ केलेलं वाक्य असं असतं: अर्धपारगम्य पटलातून द्रावकाचे रेणू कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे जातात. आता परासरण, अर्धपारगम्य, पटल, द्रावक आणि संहती हे शब्द बंद. जे उरायला हवं ते साधारण असं: मध्ये एक पडदा आहे. त्यातून पाण्याचे रेणू जातात, साखरेचे जात नाहीत. एका बाजूला नुसतं पाणी, दुसऱ्या बाजूला साखर विरघळलेलं पाणी. पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंनी ये-जा करतच असतात, पण साखरेच्या बाजूकडून परत येणाऱ्यांचं प्रमाण कमी पडतं. म्हणून एकूण हिशेबात पाणी साखरेच्या बाजूला वाढत जातं.

यात "दोन्ही बाजूंनी ये-जा" हा मुद्दा पाठ केलेल्या वाक्यात नव्हताच. बंदी घातल्यावर ज्यांना तो सापडत नाही ते "साखर पाण्याला ओढून घेते" असं म्हणतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: अवघड नामं सगळेच तपासतात, बिघाड मात्र बहुधा साध्या क्रियापदात दडलेला असतो. ओढतो, नियंत्रित करतो, प्रभाव टाकतो, मदत करतो, संतुलन राखतो ही क्रियापदं ऐकायला पूर्ण वाटतात, पण नक्की काय घडतं ते झाकून टाकतात. "इन्सुलिन रक्तातली साखर नियंत्रित करतं" हे वाक्य खरं आहे आणि त्यातून काहीच कळत नाही. नियंत्रित करतं म्हणजे काय करतं? स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना रक्तातली साखर आत घ्यायला लावतं, आणि यकृतातून रक्तात सोडली जाणारी साखर कमी करतं. आता रक्तातली साखर का उतरते ते ऐकणाऱ्यालाही दिसतं. म्हणून बंदीच्या यादीत दोन क्रियापदंही टाका.

बंदी कायमची नाही. स्पष्टीकरण जमलं की शेवटी शब्द परत आणा: "या सगळ्याला परासरण म्हणतात." संज्ञा शेवटी आली तर ती कशाचं तरी नाव असते. सुरुवातीला आली तर पुढचं सगळं तिच्या मागे लपतं. परीक्षेत आणि जाणकारांशी बोलताना संज्ञा लागतातच, त्या टाळून लिहिलेलं उत्तर अर्धवट ठरतं.

पुस्तक इंग्रजीत आणि विचार मराठीत असेल तर शब्दाला शब्द शोधत बसू नका. संज्ञा इंग्रजी राहू द्या, वाक्य मात्र ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत होऊ द्या.

तपासणी ३: प्रत्येक "म्हणून" टिकतो का?

बहुतेक चिवट बिघाड इथे सापडतात, म्हणून या तपासणीला पूर्ण अर्धा तास द्या.

स्पष्टीकरण पाच ते सात छोट्या वाक्यांत लिहा, प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर. दोन ओळींच्या मध्ये "म्हणून" किंवा "कारण" लिहा. यातलं काहीच बसत नसेल आणि फक्त "आणि" बसत असेल, तर तिथे तुम्ही यादी पाठ केली आहे, कारण माहीत नाही. जिथे "म्हणून" बसतो तिथे दोन प्रश्न: पहिली गोष्ट खरी असेल तर दुसरी घडायलाच हवी का? आणि पहिली नसती तर काय दिसलं असतं?

ऋतूंचं उदाहरण घेऊ. "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, म्हणून उष्णता वाढते." वाक्य ऐकायला बिनचूक आहे. पण जवळ येणं हे कारण असतं तर संपूर्ण पृथ्वीवर उन्हाळा एकाच वेळी आला असता. उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे पहिलाच "म्हणून" कोसळला. टिकणारी साखळी अशी: पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. परिक्रमेत तो एकाच दिशेला कललेला राहतो, म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. म्हणून तिथे किरण अधिक सरळ पडतात. म्हणून तेवढाच प्रकाश कमी जागेवर पडतो. त्याच कलण्यामुळे दिवसही मोठा असतो. या दोन्हींमुळे जमीन जास्त तापते.

या साखळीत "एकाच दिशेला कललेला राहतो" ही ओळ गाळली तर पुढचं सगळं अधांतरी राहतं, आणि ती नेहमीच गाळली जाते. ज्या ओळीशिवाय "म्हणून" चालत नाही ती ओळ शोधणं हेच या तपासणीचं काम.

मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना रक्ताभिसरणावरचा उतारा वाचायला दिला होता. एका गटाला प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ स्वतःला समजावून सांगायला लावलं, दुसऱ्या गटाने तोच उतारा दोनदा वाचला. समजावून सांगणाऱ्यांची समज जास्त वाढली. त्यांच्याजवळ वेगळं पुस्तक नव्हतं.

एक धोका: "का?" ला तळ नसतो. आस कललेलाच का, असं विचारत गेलात तर सूर्यमालेच्या जन्मापर्यंत पोचाल आणि उद्याची परीक्षा बुडेल. अभ्यासक्रमात जी पातळी आहे तिच्या खाली एक पायरी उतरा आणि थांबा. तिथे "हे सध्या गृहीत धरतो" असं स्पष्ट लिहून ठेवा. उघडपणे गृहीत धरणं चालतं, नकळत धरलेलं घात करतं.

तपासणी ४: तुमचे शब्द व्याख्या मोडत तर नाहीत ना?

आतापर्यंत सगळं सुरळीत असेल तर उलट्या बाजूने बघा. स्वतःच्या शब्दांत सांगताना अटी गळतात. सोपं झालं असं वाटतं आणि प्रत्यक्षात चुकीचं झालेलं असतं.

मूळ संख्येची घरगुती व्याख्या: "जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही." या व्याख्येत १ ही संख्याही बसते. १ मूळ संख्या नाही. नेमकं सांगायचं तर मूळ संख्येला बरोबर दोन वेगवेगळे विभाजक असतात. १ ला एकच आहे. ही केवळ तांत्रिक कुरकुर नाही. १ ला आत घेतलं तर ६ चे मूळ अवयव २ × ३, १ × २ × ३, १ × १ × २ × ३ असे हवे तितक्या प्रकारे लिहिता येतात, आणि प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियम मोडतो. अट का घातली हे सांगता आलं की ती गळत नाही.

विभवांतर वाढेल त्या प्रमाणात धारा वाढते, या ओहमच्या नियमात "तापमान आणि इतर भौतिक अवस्था स्थिर असताना" हा तुकडा असाच गळतो. मग बल्बच्या तारेतून जाणारी धारा हिशेबाप्रमाणे का वाढत नाही हे कळेनासं होतं. तार तापते, रोध वाढतो.

तपासायची रीत अशी. तीन गोष्टी लिहा: तुमच्या स्पष्टीकरणात बसणारं एक नवं उदाहरण, जे पुस्तकात नाही, त्याच्यासारखं दिसणारं पण न बसणारं एक, आणि काठावरचं एक. मधलं जमत नसेल तर संकल्पनेची सीमा तुम्हाला माहीत नाही, फक्त मध्यभाग माहीत आहे.

महागाईवर हे करून बघा. "महागाई म्हणजे किमती वाढणं." एकाच वस्तूचा भाव वाढला तर ती महागाई का? नाही, सर्वसाधारण किंमतपातळी वाढायला हवी. हे झालं न बसणारं उदाहरण. आता काठावरचं: महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. किमती उतरल्या का? १०० ची गोष्ट पहिल्या वर्षी १०८ झाली, दुसऱ्या वर्षी ११३.४० झाली. किमती वाढतच आहेत, वाढण्याचा वेग मंदावला आहे. "महागाई कमी झाली" या वाक्याचा अर्थ न अडखळता सांगता आला, तर संकल्पना हातात आहे.

आणि एक नियम पक्का ठेवा: गणितातल्या, कायद्यातल्या आणि मोजमापाच्या व्याख्या शब्दशः पाठच करायच्या. तुमचं स्पष्टीकरण त्यांच्या शेजारी ठेवायचं, त्यांच्या जागी नाही.

तपासणी ५: सूत्र वाक्यात उतरतं का?

गणित, भौतिकशास्त्र, सांख्यिकी शिकणाऱ्यांसाठीच. इतरांनी पुढे जावं.

चिन्हं न वापरता सूत्र बोला आणि मग एक राशी दुप्पट करून बाकीच्यांचं काय होतं ते आकडेमोडीशिवाय सांगा. विभवांतर तेच ठेवून रोध दुप्पट केला तर धारा निम्मी. हे सुचायला कागद लागत असेल तर सूत्र अजून अक्षरांतच आहे.

टक्केवारी आणि संभाव्यता यांत अडलात तर टक्के सोडा, माणसं मोजा. एक आजार हजारात एकाला आहे. चाचणी १०० पैकी ९९ आजारी माणसांना पकडते, पण १०० पैकी ५ निरोगी माणसांनाही चुकून आजारी ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, आजार असण्याची शक्यता किती? टक्क्यांत विचार केला की "९५-९९ टक्के" असं तोंडून निघतं. आता हजार माणसं उभी करा: एक आजारी, तो बहुधा पकडला जाईल. ९९९ निरोगी, त्यांतले सुमारे ५० चुकून पॉझिटिव्ह. एकूण सुमारे ५१ पॉझिटिव्ह, त्यांत खरा आजारी एक. शक्यता जेमतेम २ टक्के. सशर्त संभाव्यतेचं सूत्र न उच्चारता तुम्ही ती समजावून सांगितलीत.

तपासणी ६: ऐकणाऱ्यापर्यंत काय पोचलं?

आता दुसरा माणूस लागेल, म्हणून ही तपासणी एवढ्या उशिरा ठेवली आहे. विषय न शिकलेला, पण "नाही कळलं" म्हणायला न लाजणारा माणूस शोधा. वर्गातला हुशार मित्र इथे उपयोगाचा नाही. तो तुमच्या गाळलेल्या जागा स्वतःच भरून घेतो.

बोलणाऱ्याला स्वतःचं बोलणं असतं त्याहून जास्त स्पष्ट वाटतं. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांना गाणं ओळखायला लावलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल सुरू असते, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते.

"कळलं का?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "तू मला परत सांग" म्हणा, आणि तो सांगताना मध्ये दुरुस्त करू नका. तो जिथे वळण चुकतो ती जागा तुमच्या साखळीत शोधा. तिथे तुमची ओळ बहुतेक वेळा लिहिलेली असते, पण बोलताना गाळलेली असते. कुणीच मिळत नसेल तर तेच स्पष्टीकरण लिहून दोन दिवस ठेवा आणि मग अनोळखी माणसाचं म्हणून वाचा. पर्याय दुय्यम आहे, पण चालतो.

तपासणी ७: बिघाड या धड्यात आहे की मागच्या इयत्तेत?

सगळ्यात महाग तपासणी. तिसऱ्या तपासणीत एकच दुवा पुन्हापुन्हा तुटत असेल तरच इकडे या.

तुटणाऱ्या ओळीत कोणती संकल्पना गृहीत धरली आहे ती लिहा. तिच्याखाली, ती कशावर उभी आहे ते. असं चार-पाच पायऱ्या खाली. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एखादी राशी त्या क्षणी किती वेगाने बदलते ते, अडत असेल तर उतरंड साधारण अशी येते: डेरिव्हेटिव्ह, त्याखाली लिमिट, त्याखाली रेषेचा चढ, त्याखाली बदलाचं गुणोत्तर, त्याखाली सरासरी वेग. आता तळापासून वर या आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारा. गाडीने ३ तासांत १५० किलोमीटर कापले, सरासरी वेग ५० आला. मग दुसरा तास संपला त्या क्षणी वेग किती होता? "५०" असं उत्तर आलं तर अडचण लिमिटमध्ये नाही. सरासरी आणि त्या क्षणाचा वेग यांतला फरकच अजून बसलेला नाही, आणि डेरिव्हेटिव्ह हे त्या क्षणाच्या वेगाचं उत्तर आहे हे कुणी कितीही सांगितलं तरी पोचणार नाही.

पहिल्यांदा जिथे अडखळाल ती पायरी दुरुस्त करा. तिच्या वरच्या आपोआप सुटतील असं नाही, पण खालची कच्ची ठेवून वरची पक्की होत नाही एवढं नक्की. याचं कारण डोक्याच्या मर्यादेत आहे. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार एका वेळी सुमारे चारच गोष्टी मनात धरून ठेवता येतात. गुणोत्तर सहज येत असेल तर ते जागा अडवत नाही. ते आठवावं लागत असेल तर लिमिटसाठी जागाच उरत नाही.

एका पायरीला दोन ते चार बैठका लागतात, आणि लाज वाटली तरी पुस्तक खालच्या इयत्तेचं घ्या. वरच्या पुस्तकात तीच गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते.

दुरुस्ती टिकली का?

दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा, न बघता दोन मिनिटं. दरवेळी वेगळं उदाहरण घेऊन. तेच उदाहरण वापरलंत तर चौथ्या वेळी तुमचे स्वतःचे शब्दही पाठ झालेले असतात, आणि बिघाड नव्या रूपात परत येतो: वाक्य तुमचं, पण म्हणणं घोकलेलं.

थांबायचं आणि जाणकाराकडे जायचं केव्हा

दोन वेगवेगळी पुस्तकं वाचून, दोन वेगवेगळ्या दिवशी प्रयत्न करूनही तोच दुवा तुटत असेल तर थांबा आणि शिक्षकांकडे जा. तिसरं पुस्तक क्वचितच कामी येतं. जाताना तिसऱ्या तपासणीतला कागद न्या. "सर, हा धडा कळला नाही" म्हटलं तर धडा पुन्हा शिकवला जाईल. "मॅडम, चौथ्या ओळीपर्यंत मला सांगता येतं, चौथ्यावरून पाचवी का येते ते कळत नाही" म्हटलं तर पाच मिनिटांत काम होईल.

दोन विश्वासाच्या पुस्तकांत परस्परविरोधी लिहिलेलं दिसलं तरी विचारा, स्वतःच निवाडा करू नका. औषधांचं प्रमाण, विजेची जोडणी, कायदेशीर मुदती अशा विषयांत स्वतःच्या शब्दांतलं स्पष्टीकरण जाणकाराने तपासल्याशिवाय त्यावर हात चालवू नका. इथली चूक गुणांवर थांबत नाही.

सगळ्याच विषयांत, लहानपणापासून, वाचणंच फार संथ असेल, अक्षरं किंवा आकडे सतत अदलाबदल होत असतील, ऐकून कळतं पण वाचून नाही असं असेल, तर या तपासण्या पुरणार नाहीत. अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी मानसशास्त्रज्ञांकडून करून घ्या. हा आळस नाही, आणि निदान झालं तर शिकण्याच्या वेगळ्या पद्धती आणि परीक्षेत सवलती मिळू शकतात.

सुरुवातीला बाजूला ठेवलेलं लक्षण, लिहिता येतं पण माणसांसमोर बोलता येत नाही, यासाठी आधी एका माणसासमोर, मग तिघांसमोर असा सराव करून बघा. छातीत धडधड, घाम, वर्ग टाळावासा वाटणं असं सुरू असेल तर समुपदेशकाकडे जा. शब्द अडकत असतील, अक्षरं पुन्हापुन्हा येत असतील तर वाचा-उपचार तज्ज्ञाकडे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि लक्ष तिन्ही बिघडलेली असतील, मन उदास असेल, तर अभ्यासाची पद्धत बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा.

आणि कालपर्यंत नीट बोलणाऱ्या माणसाला आज अचानक शब्द सापडेनासे झाले, बोलणं अस्पष्ट झालं, चेहऱ्याची एक बाजू ओघळली किंवा एक हात उचलेना, तर हा अभ्यासातला बिघाड नाही. ही पक्षाघाताची लक्षणं असू शकतात. त्याच मिनिटाला रुग्णवाहिका बोलवा.